पंडिता रमाबाई : एक संन्यासिनी

नन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या मदर तेरेसा उभ्या राहतात. १९२९ साली त्या भारतात आल्या, कलकत्त्याच्या एंटाली भागातील शाळेत त्यांनी कित्येक वर्षे मुलींना शिकविले आणि पुढे १९५० साली स्वतःचा संघ स्थापून रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसांची सेवा आरंभिली. हे सारे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. परंतु त्यांच्याही कितीतरी आधी आपल्याच मराठी मुलखात अशी एक स्त्री होऊन गेली की जी नन्सच्या घरात राहिली, त्यांच्या सहवासात तिने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आयुष्यभर पांढरे वस्त्र नेसली, दोन हजारांच्या घरात मुली-बायकांची आई झाली, आणि तरीही नन काही झाली नाही. त्या पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस माझ्या मनात होते. आमच्या गोरेगावात त्यांचे नाव विचारले तर पुष्कळ लोक रमाबाई आंबेडकरांची किंवा रमाबाई रानड्यांची माहिती सांगतील. तिघीही थोरच, पण या तिसऱ्या रमाबाईंचा विसर आपल्याला जरा जास्तच पडला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण अंगास गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. अरण्यात का, याची कथा त्यांच्या वडिलांची आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी संस्कृत शिकले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. बाईमाणसाच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून या तरुण विद्यार्थ्याच्या मनाने घेतले की आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी गोदावरीच्या तीरावर त्यांना एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी दिली. लग्न त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच झाले, आणि आज ते वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. पण त्यानंतर जे घडले ते मात्र रिवाजाला धरून नव्हते. शास्त्रीबुवांनी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्यास प्रारंभ केला. गहजब झाला. उडुपीच्या विद्वानांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधार काढून दाखविले, आणि मग माणसांच्या वस्तीचा कंटाळा येऊन जंगलात घर बांधले. रात्री वाघांच्या डरकाळ्या ऐकू येत अशा त्या घरात एक पोरसवदा मुलगी नवऱ्यापाशी बसून व्याकरण घोकीत असे.

घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आतिथ्य करता करता कर्ज झाले. रमा सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो गड्याच्या डोक्यावर देऊन हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते पुन्हा कोठे घर करून राहिलेच नाही. देवळात किंवा घाटावर बसायचे, पुराण सांगायचे, लोक जे देतील त्यावर निर्वाह करायचा. आमच्याकडे सप्ताहात भागवत सांगणारे महाराज येतात तेव्हा त्यांच्यासाठी मांडव असतो, ध्वनिक्षेपक असतो, जेवणावळी असतात. अनंतशास्त्र्यांपाशी यांतले काहीच नव्हते. वय उताराला लागलेले, डोळे अधू झालेले. म्हणून रमेला शिकविण्याचे काम आईकडे आले. पहाटे कामाला लागण्यापूर्वी लक्ष्मीबाई लेकीला मांडीवर घेऊन श्लोक म्हणवून घेत. बाराव्या वर्षी भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत होते. आणि हे एवढे शिकूनही मुलगी अविवाहित होती. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा वाईट अनुभव आल्यामुळे आईबापांनी हिच्या लग्नाची घाई केली नाही.

मग दुष्काळ आला. १८७४ ते १८७७ या काळात मद्रास इलाख्यात जो उपासमारीचा कहर झाला त्यात हे कुटुंब अक्षरशः झिजून गेले. भीक मागायची लाज, अंगमेहनतीची सवय नाही. भांडीकुंडी, दागिने गेले. जंगलातला पालापाचोळा खाण्याची वेळ आली. आधी वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण कृष्णाबाई. आईच्या प्रेताला खांदा देण्यास माणसे मिळेनात, तेव्हा लेकीलाच खांदा द्यावा लागला. आमच्या भागातील वडीलधारी माणसे बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढतात तेव्हा लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे यांच्या गोष्टी सांगतात. निदान त्या वेळी काहीतरी हातावर पडत होते. रमाबाईंच्या घराच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पुढच्या त्यांच्या सगळ्या कार्याचे मूळ मला या तीन वर्षांत दिसते. धर्मांतराविषयी, विद्वत्तेविषयी आपण भरपूर बोलतो, पण उपाशी माणूस म्हणजे काय हे ज्या बाईला स्वतःच्या पोटावरून ठाऊक होते तिच्याविषयी आपण बोलत आहोत हे विसरून चालणार नाही.

उरले दोघे, रमा आणि भाऊ श्रीनिवास. हजारो मैल पायी चालत, काश्मीरपर्यंत जाऊन १८७८ साली ती भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथे मात्र नशीब पालटले. वीस वर्षांची मराठी मुलगी संस्कृतात अस्खलित भाषण करते हे पाहून बंगाली विद्वान थक्क झाले. परीक्षा घेतली गेली, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या तिला मिळाल्या. केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत तिच्या हातात ठेवली. तोपर्यंत तिने वेद वाचले नव्हते. स्त्रीने वाचू नयेत असे वडिलांचेही मत होते. म्हणजे पत्नीला शिकविण्यासाठी सगळ्या समाजाशी वैर घेणाऱ्या माणसालाही एक कुंपण ओलांडवले नव्हते. धर्मग्रंथांचा जो अभ्यास रमाबाईंनी या काळात केला त्यातून त्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली : शास्त्रकारांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, स्त्री आणि शूद्र यांना हीन लेखण्याच्या बाबतीत त्यांचे बहुधा एकमत आहे.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ब्राह्मणाची मुलगी आणि शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला नवरा, दोन्हीकडून बहिष्कार. संसार जेमतेम एकोणीस महिन्यांचा. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले. तेवीस वर्षांच्या वयात आईबाप, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले, कडेवर दहा महिन्यांची मूल. अशा अवस्थेत त्या पुण्यास आल्या.

१८८२ हे वर्ष आपल्या इतिहासात विलक्षणच म्हटले पाहिजे. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ बाहेर पडले, आणि त्याच वर्षी रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. रानडे, भांडारकर यांच्या घरच्या स्त्रिया त्यात येऊ लागल्या. त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तकही याच साली निघाले. शिक्षणविषयक हंटर कमिशन पुण्यास आले तेव्हा रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका हव्यात, शाळा तपासणाऱ्या अधिकारीही स्त्रियाच हव्यात, आणि आजारी बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात अशी त्यांची मागणी होती. लाजेपायी पुरुष डॉक्टरला दुखणे न सांगता कित्येक बायका मरतात हे त्यांनी उघड सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे असे त्यांनी ठरविले ते या वेळी. पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा करून १८८३ च्या एप्रिलात त्या मनोरमा आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीसह इंग्लंडला निघाल्या.

आणि येथे आपल्या कथेत नन्स येतात. पुण्याच्या पंचहौद भागात इंग्लंडमधील वाँटेज गावच्या सेंट मेरी संघाच्या सिस्टर्स शाळा आणि सेवाकार्य चालवीत. हा संघ रोमन कॅथलिक नव्हे, अँग्लिकन. पण अविवाहित राहण्याचे व्रत, ठरावीक वेळच्या प्रार्थना, विशिष्ट वेष आणि वरिष्ठांची आज्ञा शिरसावंद्य मानणे हे सारे कॅथलिक नन्सप्रमाणेच. या सिस्टर्सच्या ओळखीनेच रमाबाई वाँटेजच्या मठात उतरल्या. जाण्यापूर्वी आपण धर्म बदलणार नाही असे त्यांनी पुण्याच्या मंडळींना निक्षून सांगितले होते, आणि सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली ती यामुळे. काहींनी त्यांना चंचल म्हटले, काहींनी विश्वासघातकी. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

त्यांनी धर्म का बदलला? नीलकंठशास्त्री गोरे हे चित्पावन पंडित ख्रिस्ती होऊन फादर नेहेम्या गोरे झाले होते. त्यांच्या पत्रांतील युक्तिवादाचा परिणाम झालाच. पण मला त्याहून मोठे कारण दिसते ते वेगळे. सिस्टर्सनी रमाबाईंना लंडनजवळच्या फुलहॅम येथील एका आश्रमात नेले. ज्यांना समाजाने पतित ठरविले अशा बायकांना तेथे नन्स प्रेमाने वागवून पुन्हा माणसांत आणीत होत्या. आपल्याकडे अशा बाईला उंबऱ्याबाहेर ठेवण्यापलीकडे कोणी काही करीत नसे. शास्त्रे पाठ असलेल्या रमाबाईंना जे शास्त्रांत सापडले नाही ते त्यांना या नन्सच्या हातांत सापडले. वादविवादाने बदलणारी ही बाई नव्हती. हातांनी केलेले काम पाहून मात्र ती हलली.

तरी त्या मठात सुख लागले असे नाही. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी मनाचा तोल जाऊन आत्मघात केला. ऐकू कमी येत असल्यामुळे रमाबाईंचे वैद्यकीचे स्वप्न मावळले. मग डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या गणित, शास्त्र, इंग्रजी शिकू लागल्या आणि तेथेच संस्कृत शिकवू लागल्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात आजीबाई म्हणत! मराठी बाईने इंग्रज ननला आजीबाई म्हणावे यात किती गोडवा आहे. पण या आजीबाईंशीच त्यांची कायम खडाजंगी होई. रमाबाई शाकाहार सोडीत नसत. सिस्टरना त्यात ब्राह्मणी अभिमान उरला आहे असे वाटे. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा सवाल. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानात तिची अपकीर्ती होईल म्हणून बिशपांनी ते रोखले. तेव्हा तर त्यांचा संताप झाला. ज्या स्त्रीने लहानपणापासून पुरुषांच्या सभांत पुराणे सांगितली तिला आता इंग्रज पाद्री मर्यादा शिकवणार! त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या शंका काढीत, आणि बायबल वाचून स्वतःच्या बुद्धीने जे पटेल तेवढेच मानणार असे कळवीत. ही सारी पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि ती जपून ठेवून एकत्र करण्याचे श्रेय सिस्टर जेराल्डिन यांचेच. जिच्याशी भांडण होते तिनेच तिचा शब्द न् शब्द सांभाळला; हा त्या ननचा मोठेपणा मानला पाहिजे.

तेव्हा रमाबाई नन का झाल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मला असे वाटते की त्यांना सेवा मान्य होती, त्याग मान्य होता, ब्रह्मचर्यही मान्य होते. आज्ञापालन तेवढे मान्य नव्हते. पुण्याच्या शास्त्र्यांपुढे ज्यांनी मान लववली नाही त्या वाँटेजच्या मठापुढेही लववणार नव्हत्या. दोन्ही पक्षांना त्या आपल्या हाताखाली हव्या होत्या, आणि दोन्ही पक्षांचा त्यांच्यावर राग होता तो बहुधा एकाच कारणासाठी.

१८८६ च्या प्रारंभी त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. वर्ष उलटण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात क्षयाने वारल्या. रमाबाई मात्र अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती वर्णन करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी पैसा उभा केला, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे मदत देण्याचे तिने मान्य केले. परत आल्यावर लिहिलेले त्यांचे अमेरिकेचे प्रवासवर्णन मराठीत १८८९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. निवडणुका, शाळा, बायकांच्या संघटना, काळ्या लोकांवरील अन्याय, सगळ्याकडे एका मराठी बाईची तल्लख नजर त्यात फिरली आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईच्या चौपाटीवर शारदासदन उघडले. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह, आणि अट अशी की कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही. ज्या मुलींना आपले सोवळेओवळे पाळायचे त्यांनी ते पाळावे. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ चे महिला विद्यापीठ यांच्या मुळाशी चौपाटीवरचे हे लहानसे घर आहे, हे सांगायला आपण विसरतो. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले आणि तेथे वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. या वादात रमाबाईंची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. धर्मनिरपेक्ष शाळा म्हणून पोरी पाठविणाऱ्या पालकांना ते उघडे दार खटकले तर त्यात नवल नाही. पण एक प्रश्न मनात राहतोच. त्या काढून नेलेल्या मुलींचे पुढे काय झाले, याची चौकशी टीकाकारांपैकी किती जणांनी केली? धर्म वाचला, त्या मुलींचे शिक्षण वाचले की नाही, हे कोणाच्या अग्रलेखात आले नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण येथून रमाबाई शहर सोडून खेड्याकडे वळल्या. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार आठवून त्या तेथे धावल्या. दुष्काळी छावण्यांत निराधार मुलींवर टपून बसलेले दलाल त्यांनी पाहिले. त्यांनी शेकडो मुली गोळा करून आणल्या. इतक्या मुली पुण्यात ठेवणे शक्य नव्हते, कारण तेथे प्लेग होता. मग पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी आधीच घेऊन ठेवलेल्या शंभर एकर जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्तिसदन. प्लेगच्या इस्पितळात बायकांचे जे हाल होत त्यांबद्दल त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारलाही धारेवर धरले. ख्रिस्ती झालेली बाई म्हणजे इंग्रजांच्या तालावर नाचणारी, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शारदासदन ब्राह्मण विधवांसाठी होते. मुक्तीत मात्र जात विचारली जात नव्हती. कुणब्याची पोर, महाराची पोर, भिल्लाची पोर, ब्राह्मणाची विधवा एका विहिरीचे पाणी पीत होत्या. १९०० साली गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्यांना रोज दोन वेळ जेवू घालायचे म्हणजे काय, हे लग्नाच्या पंगतीचा हिशेब ज्याने केला असेल त्याला कळेल. विहिरी खणल्या, भाजीपाला आणि फळबागा लावल्या, गुरे पाळली, तेलाचा घाणा बसविला, माग घातले. शाळा तर होतीच. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे होते. फुलहॅमला पाहिलेले चित्र त्यांनी केडगावच्या माळावर उतरविले. मनोरमा अमेरिकेहून ब्रेल लिपी शिकून आली आणि आंधळ्या मुलींना वाचायला, वेताच्या वस्तू करायला शिकवू लागली. पुढे निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्यास, तिने मुलींची शाळाही चालविली. आमचे गोरेगाव १९४८ पर्यंत त्याच राज्यात होते. या राज्यात मुलीला शाळेत घालणे ही किती दुर्मिळ गोष्ट होती, ते आमच्या घराघरांतील आज्या अजून सांगतात. त्यांतल्या कित्येकींना सही करता येत नाही. म्हणून गुलबर्ग्याची ती शाळा मला पुण्यामुंबईच्या शाळांहून मोठी वाटते.

मुक्तीत १९०५ साली जी धार्मिक जागृतीची लाट आली, रात्ररात्र सामुदायिक प्रार्थना चालत, तिच्याशी माझे मन जुळत नाही हे कबूल केलेले बरे. दहा वर्षांची अमेरिकन मदतीची मुदत १८९८ मध्ये संपल्यावर संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली होती, आणि पुढे पुढे रमाबाई समाजसुधारणेच्या चळवळीपासून दूर गेल्या. कदाचित म्हणूनच सुधारकांच्या इतिहासात त्यांचे नाव १८९३ पाशी एकदम संपते. पण त्यांचे निम्मे काम तर त्यानंतरचे आहे! पुण्याच्या वर्तमानपत्रांतून त्या नाहीशा झाल्या म्हणून केडगावच्या चुली थांबल्या नव्हत्या.

शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी एका निराळ्याच कामात घातली. मराठीत बायबल होते, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, मुक्तीतल्या खेडवळ बायकांच्या डोक्यावरून जाणारी. तेव्हा या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले, आणि मुळावरून साध्या मराठीत सबंध बायबलचे भाषांतर आरंभले. ज्या बाईला आईने अठरा हजार श्लोकांचे धन दिले तिने अखेरीस संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढले, का तर पाटी-पेन्सिल नुकतीच हातात धरलेल्या बाईला वाचता यावे. बाई ऐकायला कमी ऐकत होत्या, प्रकृती ढासळत चालली होती. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये मिरजेस मनोरमा वारली. उजवा हातच गेला. ज्या लेकीला कडेवर घेऊन त्या पुण्यास उतरल्या होत्या, जिला शिक्षणासाठी सिस्टर जेराल्डिनच्या स्वाधीन करून त्या एकट्या अमेरिकेत हिंडल्या होत्या, ती चाळिसाव्या वर्षी आईच्या आधी गेली. सगळ्यांना पोचविण्याचे काम रमाबाईंकडे लहानपणापासूनच आले होते.

नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्यांनी देह ठेवला. भाषांतर तोवर पुरे झाले होते. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तेथल्या बायकाच करीत. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या मुली आता मोठ्या झाल्या होत्या. बाई गेल्यावर त्यांनी काम थांबविले नाही. १९२४ साली ते बायबल छापून तयार झाले.